कार्बन कर: ऑस्ट्रेलियात बुडाला तसा कॅनडात बुडाला का?

कार्बन कर म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर टनामागे लावलेला आकार. दोन्हीकडे हा कर गेला, पण सारख्या रीतीने नाही.

ऑस्ट्रेलियात ज्युलिया गिलार्ड सरकारने 1 जुलै 2012 पासून टनामागे 23 डॉलर आकारले, तेही मोठ्या प्रदूषकांकडून. सामान्य मोटारीच्या पेट्रोलला सूट होती. तरी वीजबिल वाढलं आणि विरोधकांना हत्यार मिळालं. त्यात गिलार्डबाईंनी निवडणुकीआधी असा कर आणणार नाही म्हटलं होतं. विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांनी हाच धागा धरून 2013 ची निवडणूक जिंकली, आणि जुलै 2014 मध्ये कायदाच रद्द झाला. प्राप्तिकरात दिलेली सवलत फारशी कुणाला आठवली नाही. मला तरी चूक इथेच वाटते: पैसे परत दिले, पण दिसले नाहीत.

कॅनडाने 2019 मध्ये ती चूक टाळायचा प्रयत्न केला. परतावा आधी वार्षिक कर विवरणातून, आणि 2022 पासून दर तीन महिन्यांनी थेट खात्यात. पण आकारणी पेट्रोलपंपावर, रोज डोळ्यांसमोर. टनामागे 20 डॉलरचा दर 2024 मध्ये 80 झाला. काही प्रांत कराविरुद्ध कोर्टात गेले, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. मग विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पिएर पॉलिएव्ह यांनी ‘कर हटवा’चा धोशा लावला. शेवटी ग्राहकांवरचा कर शून्यावर आणला तो मात्र, ज्याने तो लावला त्या लिबरल पक्षाच्याच पंतप्रधान मार्क कार्नी यांनी, 1 एप्रिल 2025 पासून! कारखान्यांवरची आकारणी तेवढी टिकली.