उसळ फ्रीझरमध्ये ठेवा, फोडणी नको

गेले बरेच महिने रविवारी जास्तीचं रांधून फ्रीझरमध्ये ठेवते आहे. रोज बोरिवली-चर्चगेट करून रात्री साडेआठला घरी टेकणाऱ्या माणसाला याचा मोठाच आधार आहे. मात्र आपला प्रत्येक पदार्थ त्यात टिकत नाही.

सगळ्यात छान टिकतात ती कडधान्यं. मटकी, चवळी, छोले फक्त मीठ घालून, किंचित कमी शिजवून ठेवते. फोडणी खायच्या दिवशीच. मोहरी-हिंग-कढीपत्त्याचा वास फ्रीझरमध्ये मरून जातो. ताजी फोडणी पडली की उसळ आत्ताच केल्यासारखी लागते. कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणाच्या बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या पाडते आणि गोठल्या की पिशवीत भरते. हे वाटण तयार असलं की निम्मा स्वयंपाक झालाच म्हणायचा. कोथिंबीर वडीचे उंडे वाफवून, न कापता ठेवायचे. आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढले की सकाळी सुरेख काप पडतात.

बटाट्याच्या फोडी मात्र नकोत. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फुटतात, मग बटाटा रवाळ आणि पाणचट लागतो. पावभाजीत तो ठेचलेलाच असतो, म्हणून ती चालते. ताकाची कढी फुटते.

डब्यांपेक्षा झिपच्या पिशव्या बऱ्या. पदार्थ आत पातळ, सपाट पसरायचा. लवकर गोठतो, लवकर सुटतो, आणि पिशव्या वह्यांसारख्या उभ्या राहतात. काचेची बरणी वापरलीत तर वर जागा सोडा, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. पिशवीवर तारीख हवीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुंबईच्या दमट उकाड्यात गरम पातेलं ओट्यावर तासन्‌तास राहू देऊ नका. परातीत पसरून पंख्याखाली निववा आणि दोन तासांच्या आत थंडाव्यात ठेवा. भाताला तर याहून जपा: बॅसिलस सेरियस या जंतूचं उलटी करवणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. काढलेली पिशवी परत गोठवू नका आणि गरम करताना वाफा येईपर्यंत, मध्यापर्यंत गरम करा.

फ्रीझर उणे 18 अंशांवर हवा. तुमच्या एकदारी फ्रिजमध्ये आइस्क्रीम घट्ट राहत नसेल, तर हा साठा पुढच्या एक-दोन दिवसांपुरताच करा.