पंचगंगेवर गळ टाकण्यासाठी भाड्याची नाव

पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की पंचगंगेचे पाणी वरच्या अंगाला तुंबून संथ होते. अशा पाण्यात गळ टाकून बसण्याची हौस असलेल्या आम्हा चार मित्रांनी गेल्या रविवारी एका नावाड्याची छोटी नाव अर्ध्या दिवसासाठी भाड्याने घेतली.

नावाडी पाण्याचा जाणकार निघाला. त्याने केवळ वल्ह्याने, आवाज न करता नाव काठच्या झाडांच्या सावलीत नेली, दगडाचा नांगर अलगद सोडला आणि कणकेत शेंगदाण्याची पेंड मिसळून गळाला लावण्यास सुचवले. आमच्या गांडुळांना चिलापी (तिलापिया) माशाखेरीज कोणी भुलत नव्हते, पेंडीला मात्र पाऊण तासात दीड किलोचा रोहू लागला. बूच दोनदा थरथरले, तिसऱ्यांदा तिरके होऊन थेट पाण्याखाली गेले आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) बोटांत करकचला. भाडे तेथेच वसूल झाले.

तक्रार मात्र गंभीर आहे. चौघांसाठी जीवरक्षक जाकिटे दोनच होती, त्यांतील एकाचे बंद तुटलेले, आणि फळ्यांच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी डब्याने उपसण्याचे काम अखेरपर्यंत माझ्याकडे राहिले (गळापेक्षा डबाच मी जास्त हाताळला). नावेवर मिळणारे गळ गंजलेले असतात, तेव्हा ते स्वतःचेच न्यावेत. जाकिटांची सोय होईपर्यंत मुलांना घेऊन तेथे जाऊ नये. पोहता येणाऱ्यांनीही आपली जाकिटे सोबत ठेवावीत आणि पहाटेच पोहोचावे, कारण ऊन चढल्यावर मासा खोल पाण्यात उतरतो.