शितावरून भाताची परीक्षा: एका आधुनिक जपानी रेस्टॉरंटमधील सात जेवणे

गेल्या आठ महिन्यांत कामानिमित्त मला एकाच परदेशी शहरात वारंवार जावे लागले आणि मुक्कामाच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका महागड्या, आधुनिक जपानी फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये मी सात वेळा जेवले. चार वेळा एकटी होते, तीन वेळा सहकारी सोबत होते. पहिल्याच रात्री हा अभिप्राय लिहिला असता तर तो निव्वळ कौतुकाचा झाला असता, कारण मंद उजेड, हाताने घडवलेल्या मातीच्या ताटल्या आणि उघड्या स्वयंपाकघरातून येणारा निखाऱ्यांचा वास यांनी मी भारावून गेले होते. नव्याचे नऊ दिवस तिसऱ्या भेटीपर्यंत सरले आणि मग ताटलीत नेमके काय आहे ते दिसू लागले.

फ्यूजन म्हणजे दोन देशांचे पदार्थ मनाला येईल तसे एकत्र करणे, असा माझा पूर्वी समज होता. या पाकपद्धतीचा इतिहास वाचल्यावर तो बदलला. 1899 मध्ये ‘साकुरा मारू’ जहाजातून जपानी मजुरांची पहिली तुकडी पेरूला पोहोचली आणि तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या स्वयंपाकात पेरूचे लिंबू आणि मिरची सोया सॉसच्या शेजारी आली. त्या स्वयंपाकालाच आज निक्केई पाकपद्धती म्हणतात. टोकियोत सुशी शिकलेले नोबू मात्सुहिसा यांनी 1970 च्या दशकात लिमामध्ये काम केले, 1987 मध्ये बेव्हर्ली हिल्स येथे स्वतःचे रेस्टॉरंट काढले आणि 1994 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘नोबू’ सुरू झाले. हमाची माशाच्या कापांवर ठेवलेली हालापेन्यो मिरचीची चकती किंवा मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, मुरवलेला ब्लॅक कॉड हे पदार्थ जगभरच्या अशा मेन्यूंवर आढळतात, ते बहुतांशी याच परंपरेतून आलेले आहेत. मी जिथे जेवले त्या रेस्टॉरंटचा मेन्यूही त्याच घराण्यातला आहे.

त्यातला मला सर्वांत आवडलेला पदार्थ म्हणजे गरम तेल ओतलेली साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप. पाचव्या भेटीत काउंटरवर बसले असताना तो अगदी जवळून पाहता आला. शेफने पांढऱ्या माशाचे पातळ काप ताटलीत मांडले, प्रत्येकावर आल्याचे केसासारखे बारीक तुकडे व पातीच्या कांद्याची हिरवी काडी ठेवली आणि युझू या लिंबासारख्या जपानी फळाचा रस घातलेला सोया सॉस शिंपडला. मग छोट्या भांड्यात धूर येईपर्यंत तापवलेले तिळाचे व ऑलिव्हचे तेल त्यावर ओतले. चर्र असा आवाज झाला, कापांच्या कडा क्षणात पांढऱ्या झाल्या आणि मधला भाग कच्चाच, पारदर्शक राहिला. कच्चा मासा नको म्हणणाऱ्या एका ग्राहकासाठी मात्सुहिसा यांनी ही युक्ती केली होती, असे त्यांनीच सांगितले आहे. मला त्यात या पाकपद्धतीचे सगळे मर्म दिसते, कारण तिथे प्रत्येक घटकाला काम आहे: तेलामुळे कडा शिजते, आल्याचा उग्रपणा उष्णतेने मवाळ होतो आणि युझूचा आंबटपणा तेलाचा जडपणा कापतो.

ब्लॅक कॉडही उत्तम होता, मात्र दर वेळी सारखा नव्हता. नावात कॉड असले तरी हा मासा कॉड नव्हे, तो सेबलफिश आहे आणि त्यात चरबी भरपूर असते. म्हणूनच गोड पांढऱ्या मिसोत दोन-तीन दिवस मुरूनही तो कोरडा पडत नाही आणि काट्याचा नुसता स्पर्श होताच त्याच्या पाकळ्या सुटतात. तिसऱ्या भेटीत कडांना कडवटपणा आला होता. मिसोच्या मिश्रणात साखर असते, त्यामुळे भाजण्यापूर्वी माशावरचे मिसो नीट पुसून काढले नाही तर ते लगेच करपते. वेटरला सांगताच त्याने ताटली बदलून आणली, पण अशा ठिकाणी ती चूक टेबलापर्यंत यायलाच नको होती.

सात भेटींनंतर माझे मत ज्या एका गोष्टीवर ठरले ती म्हणजे भात. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे मला अक्षरशः लागू पडलेली दिसली. निगिरीचा, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप ठेवलेल्या सुशीचा, भात साधारण शरीराच्या तापमानाचा हवा, व्हिनेगरची चव मागे रेंगाळणारी हवी आणि गोळा बोटांत टिकून तोंडात मात्र विरघळावा इतका हलका दाबलेला हवा. दुसऱ्या व पाचव्या भेटीत तो तसा होता. जिभेवर शिते एकेक सुटत गेली आणि मासा आधी संपला की भात हे कळलेच नाही. चौथी भेट शुक्रवारच्या रात्रीची होती आणि रेस्टॉरंट खचाखच भरले होते. त्या दिवशी भात गार होता. भात गार झाला की त्यातले स्टार्च पुन्हा घट्ट होते आणि शिते कडक लागतात; मग वर कितीही महाग ट्यूना ठेवला तरी घास जुळून येत नाही. त्यानंतर मी दर वेळी सुरुवातीला एकच साधी निगिरी मागवते आणि तिच्यावरून पुढे सुशी घ्यायची की निखाऱ्यावरचे पदार्थ, हे ठरवते.

जे जमले नाही ते बहुतेक ट्रफल या सुगंधी अळंबीच्या वासाचे तेल आणि मेयोनेज घातलेल्या रोलमध्ये होते. बाजारातील बहुतेक ट्रफल तेलाचा वास एका कृत्रिम संयुगाचा असतो आणि तो इतका जोरकस असतो की त्याच्याखाली स्कॅलप या शिंपल्यातील जीवाची नाजूक गोडी पार बुडून जाते. गरम तेलाच्या साशिमीत प्रत्येक घटकाला काम होते, इथे तो नुसता भपका होता. वासाबीबद्दल मात्र मनापासून दाद द्यायला हवी. बहुतेक ठिकाणी हिरवा रंग दिलेले हॉर्सरॅडिश वाढतात. इथे काउंटरवर बसणाऱ्यांसमोर खरे मूळ किसले जाते आणि थोडे थोडेच, कारण किसल्यावर त्याचा सुगंध पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो.

खरी तक्रार एकच आहे आणि ती गंभीर आहे. सहाव्या भेटीत सोबतची सहकारी पूर्ण शाकाहारी होती. आम्ही तसे स्पष्ट सांगितले, वेटरने मान डोलावली आणि तिच्यासमोर मिसो सूप आले. पहिल्या घोटालाच तिला माशाचा वास जाणवला. जपानी सूपचा पाया असलेले दाशी बहुधा कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि बोनिटो माशाचे सुकवलेले काप यांपासून काढतात. 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतील ज्या ग्लुटामेटवरून उमामी या पाचव्या चवीला नाव दिले, त्याच्या जोडीला माशातील घटक आल्यावर चव कित्येक पटींनी खुलते, म्हणून ते दाशी सूपपासून वांग्याच्या ताटलीपर्यंत सर्वत्र असते. वरून पाहता पदार्थ शाकाहारी दिसतो. व्यवस्थापकाने क्षमा मागितली, परंतु तिचे जेवण तिथेच संपले, आणि वेटरला दाशीबद्दल माहिती नसणे हे या दर्जाच्या ठिकाणी मला अक्षम्य वाटते.

सातव्या भेटीला तीच सहकारी पुन्हा आली, हे तिचे मोठेपण. या वेळी मी बुकिंग करतानाच, दोन दिवस आधी, माशाचे दाशी चालणार नाही असे लिहून कळवले होते. स्वयंपाकघराने कोम्बू आणि सुकवलेल्या शिताके अळंबीचे वेगळे दाशी केले होते आणि शेफने ते स्वतः काउंटरवर आणून दाखवले. प्रवासात असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: नुसते ‘शाकाहारी’ न म्हणता ‘दाशीतही मासा नको’ असे आधीच लिहून कळवावे. एकटे असाल तर टेबलाऐवजी काउंटरची जागा मागावी आणि जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. ओमाकासे, म्हणजे निवड शेफवर सोपवणे, दोनदा घेतले. तीन तास हाताशी असतील तरच ते घ्यावे.

त्या शेवटच्या रात्री सहकारीने सूपचा वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळापर्यंत संपवला आणि मी माझी पहिली निगिरी मागवली. भात कोमट होता. मी पुढे सुशीच घेतली.