झ्युरिकची ‘दादा’ सफर: एमीला एक वाक्य?

दोन तास, माणशी 30 फ्रँक, आम्ही नऊजण. झ्युरिकच्या जुन्या भागातून ‘दादा’ कलाचळवळीच्या खुणा दाखवणारी पायी सफर. (गल्लीतला दादा नव्हे. शिस्तीशी वैर याचंही होतं म्हणा, पण कवितेतलं.)

गाइड पोरगा तरतरीत, आवाज खणखणीत. श्पीगेलगासे हा गल्लीवजा चढ आहे, तिथे त्याने गोष्ट छान रंगवली. 1 नंबरच्या घरात 5 फेब्रुवारी 1916 ला कॅबरे व्होल्टेअर (गाणी-कवितांचा तो अड्डा, जिथे ‘दादा’ जन्मला) सुरू झालं आणि त्याच दिवसांत वर 14 नंबरात लेनिन भाड्याने राहायला आला. मग पिशवीतून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उंच पुठ्ठ्याची टोपी काढून त्याने हे कॅबरे काढणाऱ्या जर्मन कवी ह्युगो बालच्या थाटात अर्थ नसलेल्या शब्दांची कविता म्हटली. बालचा पुठ्ठ्याचा पोशाख इतका ताठ होता, की त्याला अंधारात उचलून स्टेजवर नेऊन ठेवावं लागलं होतं. इथवर पैसे वसूल.

माझं दुखणं पुढचं. एमी हेनिंग्जचा फोटो निघाला, सोबत तिने केलेली बाहुली. गाइड म्हणाला, “ही बालची बायको, गायची.” फोटो परत पिशवीत.

अहो, लग्न झालं 1920 साली! म्युनिक-बर्लिनच्या कॅबरेत गाऊन, फिरत्या नाटक मंडळ्यांत कामं करून, तुरुंगाची हवाही खाऊन झ्युरिकला आलेली बाई ही. पहिला कवितासंग्रह 1913 चा, लाइपझिगहून निघालेला. बाल तिच्या गाण्याला पियानो वाजवायचा. आणि तिथल्या वर्तमानपत्राने या कॅबरेचा तारा म्हणून नाव घेतलं ते एमीचं, बालचं नव्हे.

मी विचारलं, “गायची म्हणजे काय गायची?” पोरगा गडबडला. आमच्यातल्या एक डॅनिश आजी म्हणाल्या, “जन्म फ्लेन्सबुर्गचा ना? आमच्या सीमेलगतच ते. डॅनिश गाणी येत असणार.” येतच होती, आणि याच कॅबरेत तिने ती म्हटलीही होती. आजींनी पायरीवर उभ्या उभ्या दोन ओळी गुणगुणल्या. गाइडने टोपी काढून हातात धरली.

पाचपैकी तीन तारे. त्यातला अर्धा आजींचा. दगडी फरसबंदी आहे, सपाट बूट घाला. आणि एमीचा फोटो निघाला की तो लगेच पिशवीत जाऊ देऊ नका.