गिम्प ३.० : विंडो आणि झूम यांचे परीक्षण

चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरची परीक्षणे वाचताना ब्रश, फिल्टर आणि लेयर यांविषयी भरपूर मजकूर सापडतो. पण ज्या दोन गोष्टींशी काम करणाऱ्याचा क्षणोक्षणी संबंध येतो, त्या विंडोची मांडणी आणि झूम यांची बोळवण बहुधा एखाद्या ओळीत केलेली असते. मी जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती करते. स्कॅन करून आलेल्या छायाचित्रावरचे ओरखडे, बुरशीचे डाग आणि घडीच्या रेषा काढणे हे माझे रोजचे काम असून, बरीच वर्षे ते मी गिम्पमध्येच करीत आले आहे. मार्च २०२५ मध्ये गिम्पची ३.० ही आवृत्ती आली. तिच्यात चित्र ‘पाहण्याच्या’ सोयी कशा आहेत, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे, आणि हा प्रश्न मला दुय्यम वाटत नाही, कारण जे नीट दिसत नाही ते नीट दुरुस्तही करता येत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण नव्याने शिकणाऱ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. झूम कमी-जास्त केल्याने मूळ चित्राला काहीही होत नाही. बदलते ते फक्त आपल्याला दिसणारे रूप. चित्राचाच आकार बदलायचा असेल तर ‘इमेज’ मेनूतील ‘स्केल इमेज’ वापरावे लागते. ‘व्ह्यू’ मेनू पाहण्यासाठी आणि ‘इमेज’ मेनू बदलण्यासाठी, ही विभागणी गिम्पने काटेकोरपणे पाळली आहे आणि ती मला पटते.

आता आकडे पाहू. ४ बाय ६ इंची छायाचित्र ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन केले की २४०० बाय ३६०० पिक्सेलचे चित्र हाती येते. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या स्क्रीनवर मेनू आणि पट्ट्या वजा जाता उभ्या दिशेने जेमतेम ९०० पिक्सेल उरतात. गिम्प मूळ मांडणीत प्रत्येक चित्र विंडोत पूर्ण मावेल अशा बेताने उघडते, म्हणजे आपले हे छायाचित्र उघडताच सुमारे २५ टक्क्यांवर दिसते. त्या झूमवर स्क्रीनचा एक पिक्सेल चित्रातल्या १६ पिक्सेलांच्या वतीने उभा असतो. सोळांचे मिळून एक होताना कागदाचे दाणे, बारीक ओरखडे आणि स्कॅनरच्या काचेवरची धूळ हे सगळे विरघळून जाते, आणि चित्र आहे त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ भासते.

या भासाची किंमत मी एकदा मोजली आहे. एका वृद्ध गृहस्थांचे छायाचित्र १२ बाय १८ इंचांवर मोठे करून छापायचे होते. ते मी विंडोत पूर्ण मावेल अशा झूमवर ठेवूनच शार्प केले, म्हणजे त्याच्या कडा ठळक केल्या. त्या झूमवर शार्पनिंगचा परिणाम जवळजवळ दिसतच नव्हता, म्हणून मी तो वाढवीत गेले. छापून आलेल्या प्रतीत चष्म्याच्या दांडीला लागून एक पांढरी कड उमटली होती, आणि कानाजवळचा प्रत्येक केस कातरून चिकटवल्यासारखा दिसत होता. ती प्रत बाजूला ठेवून सगळे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून शार्पनिंग आणि नॉइज (चित्रातले नको असलेले दाणे) यांचा निर्णय मी १०० टक्क्यांवरच घेते.

१०० टक्क्यांवर जाणे गिम्पमध्ये अगदी सोपे आहे: कीबोर्डवरचा १ दाबायचा. २ दाबल्यास २०० टक्के, ३ वर ४००, ४ वर ८०० आणि ५ वर १६०० टक्के, अशी ही साखळी आहे आणि ती एका दिवसात बोटांत बसते. कंट्रोल धरून माउसचे चाक फिरवले तर पॉइंटर जिथे आहे त्या जागेच्या रोखाने झूम होतो, त्यामुळे डाग नजरेआड होत नाही. एका कळीत आधीच्या झूमवर परत नेणारी ‘रिव्हर्ट झूम’ ही आज्ञाही आहे. भुवईतला ओरखडा ८०० टक्क्यांवर पुसून लगेच पूर्ण चेहऱ्याकडे परतायचे, हे मी दिवसातून शेकडो वेळा करते. खाली स्थितिपट्टीवरच्या चौकटीत हवा तो आकडा टंकित करता येतो. मात्र तपासणीसाठी ६६.७ टक्क्यांसारख्या अपूर्णांकी पायऱ्या टाळाव्यात, असे माझे मत आहे. त्या पायऱ्यांवर चित्राचे पिक्सेल स्क्रीनच्या पिक्सेलांवर नेमके बसत नाहीत, आणि तारेची जाळी किंवा विणीचे कापड अशा बारीक नक्षीवर चित्रात मुळीच नसलेले पट्टे दिसू लागतात. ते पट्टे काढण्यासाठी धडपडणारे लोक मी पाहिले आहेत.

‘व्ह्यू’ मेनूतील ‘डॉट फॉर डॉट’ हा पर्याय सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी समजलेला आहे. तो चालू असताना १०० टक्के म्हणजे चित्राचा एक पिक्सेल बरोबर स्क्रीनचा एक पिक्सेल. तो बंद केला की १०० टक्क्यांचा अर्थच बदलतो, आणि चित्र कागदावर ज्या मापाचे छापले जाणार आहे त्या मापाचे स्क्रीनवर दिसते. वरच्या उदाहरणात ‘प्रिंट साइझ’मध्ये १२ बाय १८ इंच भरले की चित्राचे रिझोल्यूशन इंचाला २०० पिक्सेल होते. हा पर्याय बंद करून १ दाबला, तर छापील प्रत हातभर अंतरावर धरल्यासारखा चेहरा समोर येतो, आणि डोळ्याखालचा एखादा डाग प्रत्यक्षात किती खटकेल याचा अंदाज छपाईआधीच बांधता येतो.

मात्र हे माप खरे ठरण्यासाठी गिम्पला आपल्या स्क्रीनचे रिझोल्यूशन अचूक माहीत असावे लागते. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या २४ इंची स्क्रीनवर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल बसतात, तर तेवढेच पिक्सेल असलेल्या १५.६ इंची लॅपटॉपवर सुमारे १४१. आपोआप ओळखलेल्या आकड्यावर मी विसंबत नाही. ‘प्रेफरन्सेस’मधील ‘डिस्प्ले’ या पानावर ‘कॅलिब्रेट’ हे बटण आहे. ते दाबल्यावर स्क्रीनवर आडवी आणि उभी मोजपट्टी उमटते. हातात खरी पट्टी घेऊन त्यांची लांबी मोजायची आणि ती भरायची, एवढेच काम आहे. दोन मिनिटांचा हा खटाटोप प्रत्येकाने करावा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्यक्ष दुरुस्ती करताना मात्र ‘डॉट फॉर डॉट’ पुन्हा चालू करावे.

विंडोच्या बाबतीत माझे मत बहुतेकांच्या उलट आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात साधनांची विंडो वेगळी आणि प्रत्येक चित्राची विंडो वेगळी, अशी रचना दीर्घकाळ होती आणि तिच्यावर टीकाही खूप झाली. २०१२ च्या २.८ या आवृत्तीत सगळे एकाच विंडोत ठेवण्याचा पर्याय आला. २०१८ च्या २.१० पासून तीच मूळ मांडणी झाली आणि ३.० मध्येही तीच आहे. नव्या माणसाला ती सोयीची वाटते, यात शंका नाही. पण एका विंडोत चित्रे टॅबच्या रूपात एकामागे एक राहतात, ती शेजारी-शेजारी मांडता येत नाहीत. आणि यामुळे गिम्पमधली सर्वांत सुंदर सोय झाकली जाते.

ती सोय म्हणजे ‘व्ह्यू’ मेनूतील ‘न्यू व्ह्यू’. तिने त्याच चित्राचे दुसरे दर्शन उघडते. प्रत तयार होत नाही, चित्र एकच राहते आणि प्रत्येक दर्शनाचा झूम मात्र स्वतंत्र असतो. ‘विंडोज’ मेनूतून ‘सिंगल-विंडो मोड’ची खूण काढावी, डावीकडच्या विंडोत पूर्ण चेहरा ठेवावा आणि उजवीकडच्या विंडोत ८०० टक्क्यांवर फक्त डोळ्याचा कोपरा. उजवीकडे तीन पिक्सेल रुंदीचा ओरखडा हील टूलने (डाग पुसण्याच्या साधनाने) भरताना प्रत्येक फटकारा डावीकडे त्याच वेळी उमटतो, आणि पापणीची वळणदार रेषा आपण सरळ तर करून टाकत नाही ना, हे झूमला हात न लावता कळत राहते. दोन स्क्रीन असतील तर ही मांडणी सोडवत नाही.

याच पद्धतीत ‘श्रिंक रॅप’ या आज्ञेलाही अर्थ येतो: कंट्रोल आणि J या कळा दाबल्या की विंडो चित्राच्या मापाला आवळली जाते, तर जोडीला शिफ्टही दाबल्यास उलट होऊन चित्र विंडोत मावेल असे बसते. विंडोच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, पट्टीच्या टोकाला एक छोटे बटण आहे. ते एकदा दाबून चालू केले तर विंडो ओढताना चित्राचा झूमही सोबत बदलतो. ‘रिसाइझ विंडो ऑन झूम’ हा प्रेफरन्सेसमधला पर्याय मात्र मी बंदच ठेवते, कारण प्रत्येक झूमबरोबर विंडोचा आकार बदलू लागला की नजर ठरत नाही.

ब्रशच्या पर्यायांतील ‘लॉक ब्रश टू व्ह्यू’चा येथे आवर्जून उल्लेख करते. तो चालू असला की झूम कितीही बदलला तरी ब्रश स्क्रीनवर तेवढाच दिसतो, म्हणजे जवळ गेल्यावर तो चित्राच्या हिशेबाने आपोआप बारीक होतो. डागांच्या कामात याने हाताचा केवढा तरी वेळ वाचतो.

उणीव आहे ती मांडणीची. झूमच्या आज्ञा ‘व्ह्यू’मध्ये, एक-विंडोची खूण ‘विंडोज’मध्ये, सुरुवातीचा झूम प्रेफरन्सेसमधील ‘इमेज विंडोज’ या पानावर आणि स्क्रीनचे माप ‘डिस्प्ले’च्या पानावर, एकमेकांवर अवलंबून असलेल्या या गोष्टी चार ठिकाणी विखुरल्या आहेत, आणि ‘डॉट फॉर डॉट’ या नावावरून त्याचा छपाईशी संबंध असेल असे कुणाला सुचणारही नाही. त्या नावाशेजारी ‘छापील माप’ असा साधा शब्द असता तर पुष्कळांचे कागद वाचले असते. दाट पिक्सेलच्या नव्या स्क्रीनवर पूर्वी चिन्हे फार बारीक दिसत, ३.० ही आवृत्ती जीटीके ३ या, विंडो-बटणे-मेनू रेखाटणाऱ्या संचावर उभी असल्याने ती अडचण आता बरीच कमी झाली आहे.

तेव्हा गिम्प नव्याने बसवणाऱ्याने कोणत्याही फिल्टरकडे वळण्याआधी स्क्रीनचे माप भरावे, सुरुवातीचा झूम ‘१:१’ करावा आणि एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याचे छायाचित्र दोन विंडोंत उघडून पाहावे. टॅब कळ दाबली की बाजूचे डॉक (साधनांचे आणि पर्यायांचे फलक) लपतात आणि दोन्ही विंडोंना पुरेशी जागा होते.