मेफ्लायच्या अळ्या: नदीकाठी भिंग की टेबलावर सूक्ष्मदर्शक?

सीना नदीतील मेफ्लाय या कीटकाच्या पाण्यात राहणाऱ्या अळ्या कुळापर्यंत (फॅमिलीपर्यंत) ओळखण्यासाठी 10 पट भिंग पुरेल की दोन्ही डोळ्यांनी पाहायचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागेल, असे सोलापुरातील एका विद्यार्थिनीने विचारले. खर्चात भिंग सरळ स्वस्त पडते आणि ते खिशात मावते.

अचूकतेचा मुद्दा मात्र सविस्तर पाहावा लागतो. पांढऱ्या ताटलीतील पाण्यात जिवंत अळी ठेवली, की पोटाच्या कडेचे कल्ले थरथरताना दिसतात. सीनिडी कुळात पोटाच्या दुसऱ्या खंडावरचे कल्ले चौकोनी झाकणांसारखे होऊन मागच्या कल्ल्यांवर पसरतात, तर हेप्टाजेनिडी कुळातील चपटे शरीर आणि डोक्याच्या वरच्या बाजूचे डोळे भिंगातूनही ओळखू येतात. बेटिडी आणि लेप्टोफ्लेबिडी या कुळांतील लहान अळ्यांत मात्र गल्लत होते; तेथे कल्ल्यांचा आकार आणि मुखांगे सूक्ष्मदर्शकाखालीच तपासावीत. अल्कोहोलमध्ये रंग उडतो, कल्ले आणि शेपट्याही सहज तुटतात. म्हणून अळी जिवंत असतानाच छायाचित्र घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

नदीची नियमित पाहणी करणाऱ्यांना आणि शाळकरी मुलांना भिंग योग्य ठरेल. प्रबंधासाठी नमुने जपून सूक्ष्मदर्शकच वापरावा.