पाळत संशयितावर ठेवायची की सगळ्यांवर?

आमची आत्या नागपूरच्या महाल भागात राहते, १ जून २००६ च्या पहाटे गोळ्यांचा आवाज ऐकून ती सरळ देवघरात जाऊन बसली होती. संघ मुख्यालयावर हल्ला करायला तिघंजण पोलिसांच्या वेशात ॲम्बेसेडरमधून आले होते, पण खबर आधीच होती, साध्या गाडीतून गस्त घालणाऱ्या पोलिसांना संशय आला आणि तिघंही तिथंच मारले गेले. त्यामुळे गुप्तचर यंत्रणा कशाला पाहिजे असं कोणी म्हटलं की मला ते पटतच नाही भाऊ.

पण पाळत दोन तऱ्हेची असते, मत ठरवायच्या आधी हे बघा.

एक नेमकी, म्हणजे अमुक माणसावर संशय आहे, त्याचा फोन ऐका. महालात कामी आली ती अशीच पक्की खबर.

दुसरी सरसकट, सगळ्यांचंच गोळा करून ठेवायचं. अमेरिकेनं हेच केलं, कोणी कोणाला कधी फोन केला याची करोडो लोकांची नोंद, त्यांच्याच गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या स्नोडेननं २०१३ ला ते बाहेर काढलं. २०१४ मध्ये त्यांच्याच सरकारी प्रायव्हसी बोर्डानं तपासलं तर या नोंदींमुळे दहशतवादाच्या तपासात ठोस फरक पडला असं एकही प्रकरण सापडलं नाही, आणि २०१५ ला कायदा बदलावा लागला. आपल्याकडे २६/११ च्या आधी समुद्रातून हल्ला होऊ शकतो असे इशारे आले होते की, माहिती होती, तिच्यावर वेळेत हाललं कोणी नाही. मग ढीग अजून मोठा करून काय मिळणार?

म्हणून माझं मत नेमक्या पाळतीला आहे, पण तिथंही मोठी गोची आहे. ब्रिटनमध्ये कोणाचा फोन ऐकायचा तर २०१६ च्या कायद्यानं मंत्र्याच्या सहीनंतर न्यायाधीशाचीही मंजुरी लागते. आपल्याकडे गृह सचिवाची सही पुरते, ऑर्डर ६० दिवसांची, वाढवत वाढवत १८० पर्यंत, आणि नंतर तपासणारी कमिटीही सचिवांचीच. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडे पण होते, तरी ही पद्धत तशीच चालू आहे याचा मला खरंच राग येतो.

आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी आता कॅमेरा आहे, तिला तो हवाच आहे. पण रोज संध्याकाळी ती लेकीशी फोनवर जे बोलते ते कोणाला ऐकायचं असेल तर आधी जजला जाऊन कारण सांगा, असं तीच म्हणते.